डच वाक्यरचना : क्रियापद, उभयान्वयी अव्यये व पदक्रम

डच वाक्यरचना : डच भाषेतील वाक्याची घडण. डच ही इंडो-यूरोपियन भाषाकुलाच्या जर्मानिक शाखेतील, पश्चिम जर्मानिक गटाची भाषा असून जर्मन, इंग्रजी व फ्रिजियन या तिच्या निकटच्या भाषा होत. नेदर्लंड्स, बेल्जियमचा फ्लँडर्स हा उत्तर भाग आणि दक्षिण अमेरिकेतील सुरिनाम येथे तिला राजभाषेचे स्थान आहे. मातृभाषा म्हणून ती बोलणाऱ्यांची संख्या सु. २·४ कोटी आहे. नेदर्लंड्स व बेल्जियम यांनी भाषाविषयक सहकार्यासाठी १९८० मध्ये करार करून डच भाषा-संघ स्थापन केला. पुढे सुरिनामही त्याच्याशी संलग्न झाले.

भारतात डच शिकणारा बहुधा इंग्रजीच्या द्वारे शिकतो. शब्दसंग्रहाच्या दृष्टीने ही वाट सोयीची आहे, कारण दोन्ही भाषांतील अनेक शब्द सगोत्र आहेत. पदक्रमाच्या बाबतीत मात्र ती दिशाभूल करते. इंग्रजीच्या मोजपट्टीने पाहिल्यास डच वाक्यातील क्रियापद कधी दुसऱ्या स्थानी, कधी आरंभी, तर कधी अगदी शेवटी असे भटकताना दिसते आणि त्यामागे काही नियम नसावा, असे नवशिक्यास वाटू लागते. मराठीच्या आधारे पाहिल्यास याच्या उलट स्थिती आढळते. डच वाक्यातील पदांचा मूळ क्रम मराठी क्रमाशी बराच जुळतो. नव्याने शिकावयाचा असतो तो एक नियम व एक भेद. नियम क्रियापदाच्या दुसऱ्या स्थानाचा, तर भेद प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक उभयान्वयी अव्ययांचा. हा भेद मराठी माध्यमाच्या शाळेत व्याकरण शिकलेल्या प्रत्येकास नावाने तरी परिचित असतो.

ऐतिहासिक संबंध : डच लोकांना जुन्या मराठी कागदपत्रांत ‘वलंदेज’ म्हटले आहे. हा शब्द हॉलंडवासीयास पोर्तुगीज भाषेत असलेल्या नावावरून आला. १६०२ मध्ये स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीने सुरतेस वखार घातली व सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात कोकणात वेंगुर्ले येथेही ठाणे उभारले. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणे व त्यांचा जलमार्ग रोखणे, हा त्यामागील एक प्रमुख हेतू होता. वेंगुर्ल्याच्या वखारीचे भग्नावशेष आजही पाहावयास मिळतात.

या संबंधातून भाषाभ्यासाच्या दोन लक्षणीय घटना घडल्या. कोचीनचा डच अधिकारी हेन्ड्रिक फान रेडे याने मलबारातील वनस्पतींविषयी सिद्ध केलेला हॉर्टस मलबारिकस हा लॅटिन ग्रंथ अम्स्टरडॅम येथे १६७८ पासून बारा खंडांत प्रसिद्ध झाला. त्याच्या पहिल्या खंडात रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट या तीन कोकणी भाषिक वैद्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र छापले आहे. दुसरी घटना कंपनीच्या सेवेत असलेल्या योहान योशुआ केटलार याची. त्याने हिंदुस्थानी भाषेचे व्याकरण डच भाषेत लिहिले. त्याच्या हस्तलिखिताची १६९८ मध्ये केलेली नक्कल उपलब्ध असून त्याचे लॅटिन रूपांतर डेव्हिड मिल याने १७४३ मध्ये प्रसिद्ध केले. हिंदुस्थानीचे हे सर्वांत जुने ज्ञात यूरोपीय व्याकरण मानले जाते. क्रियापद शेवटी ठेवणाऱ्या भारतीय भाषेचे वर्णन ज्या भाषेत प्रथम झाले, ती भाषाही अर्धी क्रियापदान्त आहे, हा एक योगायोग म्हणता येईल.

लेखनाविषयी : प्रस्तुत नोंदीत डच शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल अशा रीतीने दिले आहेत. ख़ हा वर्ण घशात घासून उच्चारावयाचा असून झ चा उच्चार ‘झाड’ या शब्दातील झ प्रमाणे करावयाचा. त, द हे दंत्य समजावेत. शब्दाच्या अंती असलेला ए अस्फुट असतो. क्रियापदाच्या अंती येणाऱ्या ‘अन’ या प्रत्ययातील न बोलताना अनेकदा गळतो. ऱ्हस्व व दीर्घ आ यांतील फरक येथे दाखविलेला नाही. तुलना सुलभ व्हावी म्हणून पदक्रमाच्या विवेचनात शक्यतो एकच वाक्य घेतले आहे. त्यातील दहिसर हे मुंबई महानगरपालिकेच्या हद्दीतील, पश्चिम रेल्वेच्या उपनगरी मार्गावरचे उत्तरेकडील अखेरचे स्थानक होय.

मूळ पदक्रम : ‘ती रोज गाडीने दहिसरला जाते’ या मराठी वाक्यात कर्ता, काल, साधन, स्थल व क्रियापद असा क्रम आहे. डच भाषेत हेच वाक्य पुढीलप्रमाणे होते : ‘झेइ ख़ात एल्के दाख़ मेत दे त्रेइन नार दहिसर.’ यात झेइ म्हणजे ती, ख़ात म्हणजे जाते, एल्के दाख़ म्हणजे रोज, मेत दे त्रेइन म्हणजे गाडीने व नार दहिसर म्हणजे दहिसरला. कालवाचक पद आधी, नंतर साधनवाचक व शेवटी स्थलवाचक, हा मराठी क्रम येथे जसाच्या तसा आढळतो. इंग्रजीत सामान्यतः स्थल आधी व काल शेवटी येतो. म्हणजे डच क्रम इंग्रजीच्या उलट व मराठीच्या अनुरूप आहे. दोन वाक्यांत फरक एवढाच, की मराठीत वाक्याच्या अखेरीस असलेले क्रियापद डच वाक्यात कर्त्यापाठोपाठ येऊन बसले आहे.

आणखी एक भेद लक्षात घ्यावा लागतो. मराठीतील विभक्तिप्रत्यय व शब्दयोगी अव्यये नामाच्या मागून लागतात. डच भाषेत तेच कार्य करणारे शब्द नामाच्या आधी येतात. ‘दहिसरला’ याऐवजी ‘ला दहिसर’ अशी ही रचना आहे. परंतु हा फेरफार पदाच्या अंतर्गत असल्यामुळे वाक्यातील पदांच्या परस्परक्रमास बाध येत नाही.

क्रियापदाचे दुसरे स्थान : डच मुख्य विधानवाक्यात काळ व पुरुष दाखविणारे क्रियापद नेहमी दुसऱ्या स्थानी असते. येथे दुसरे स्थान म्हणजे दुसरा शब्द नव्हे, तर दुसरे पद. पहिल्या स्थानी कर्ताच असला पाहिजे, असे नाही. ज्यावर भर द्यावयाचा किंवा ज्यापासून बोलण्याचा धागा पुढे न्यावयाचा, ते पद पहिल्या स्थानी येते. मात्र तेथे एकच पद मावते. ‘रोज’ हे पद आरंभी आणल्यास वाक्य असे होते : ‘एल्के दाख़ ख़ात झेइ मेत दे त्रेइन नार दहिसर.’ पहिले स्थान कालवाचकाने घेतले, म्हणून कर्ता क्रियापदाच्या मागे गेला. क्रियापद मात्र आपल्या जागी स्थिर राहिले. ‘मेत दे त्रेइन ख़ात झेइ एल्के दाख़ नार दहिसर’ (गाडीने ती रोज दहिसरला जाते) हेही वाक्य त्याच नियमाने बनले आहे.

मराठी भाषकाची पहिली चूक येथेच होते. मराठीत ‘रोज ती गाडीने’ अशी कितीही पदे क्रियापदाआधी मांडता येतात. त्या सवयीने ‘एल्के दाख़ झेइ ख़ात’ अशी रचना तोंडी येते; इंग्रजीतही हाच क्रम शुद्ध असल्याने ती चूक अधिक दृढ होते. डच भाषेत तो क्रम अशुद्ध आहे. त्यावर उपाय म्हणजे वाक्य सुरू करताना पहिले पद उच्चारताच लागलीच क्रियापद उच्चारण्याची सवय लावणे.

क्रियापद पहिल्या स्थानी आल्यास वाक्य प्रश्नार्थक होते : ‘ख़ात झेइ एल्के दाख़ नार दहिसर?’ म्हणजे ‘ती रोज दहिसरला जाते का?’ जे कार्य मराठीत ‘का’ हे अव्यय करते, ते डच भाषेत क्रियापदाच्या स्थानांतराने साधते. आज्ञार्थातही क्रियापद पहिल्या स्थानी येते. यावरून डच वाक्यात क्रियापदाची जागा ही केवळ मांडणीची बाब नसून अर्थवाहक असल्याचे ध्यानात येईल.

क्रियापदाची रूपे : रूपांच्या दृष्टीने डच क्रियापद मराठी क्रियापदापेक्षा बरेच सोपे आहे. त्यात लिंगभेद नाही, ‘येतो’, ‘येते’, ‘येते (नपुं.)’ या तिन्हींस ‘कॉम्त’ हे एकच रूप पुरते. कर्मणी व भावे प्रयोगांत मराठी क्रियापद कर्त्याला सोडून जाते, तसे डच भाषेत घडत नाही. रूप नेहमी वाक्याच्या प्रथमान्त पदानुसार चालते. मूळ रूप ‘अन’ या प्रत्ययाने दाखविले जाते : वेर्कन (काम करणे), वोनन (राहणे), कोमन (येणे). वर्तमानकाळी प्रथमपुरुषी एकवचनात नुसता धातू येतो (इक वेर्क – मी काम करतो), द्वितीय व तृतीय पुरुषी एकवचनात त हा प्रत्यय लागतो (येइ वेर्क्त – तू काम करतोस, हेइ वेर्क्त – तो काम करतो) आणि तिन्ही पुरुषांच्या अनेकवचनी मूळ रूपच चालते (वेइ वेर्कन – आम्ही काम करतो). ‘येइ’ (तू) हे सर्वनाम क्रियापदाच्या मागे गेल्यास मात्र त लोप पावतो : ‘वेर्क येइ?’ म्हणजे ‘तू काम करतोस का?’ आदरार्थी ‘यू’ (आपण) या सर्वनामाच्या बाबतीत हा लोप होत नाही. तू व आपण यांतील भेद मराठी भाषकास समजावून सांगावा लागत नाही. इंग्रजीतून येणाऱ्यास तो नव्याने शिकावा लागतो.

वर्तमानकाळाच्या उपयोगातही मराठीचे साहाय्य होते. ‘मी उद्या येतो’ या वाक्यात मराठीप्रमाणेच डच भाषेतही साधा वर्तमानकाळ चालतो : ‘इक कॉम मॉर्ख़न.’ ‘मी दहा वर्षे येथे राहतो’ या अर्थीही वर्तमानकाळच येतो : ‘इक वोन हीर आल तीन यार.’ इंग्रजीत अशा ठिकाणी पूर्ण वर्तमानकाळ वापरावा लागतो व तो डच भाषेत तसाच आणल्यास आता तेथे राहत नाही, असा भलताच अर्थ निघण्याचा संभव असतो.

भूतकाळाची रूपे दोन प्रकारची आहेत. नियमित क्रियापदांना ते किंवा दे हा प्रत्यय लागतो. मूळ रूपातील ‘अन’ काढून टाकल्यावर उरणारे अन्त्य व्यंजन त, क, फ, स, ख़, प यांसारखे अघोष असल्यास ते (वेर्क्ते – काम केले), घोष व्यंजन वा स्वर असल्यास दे (वोन्दे – राहिला) असा नियम आहे. ही सहा व्यंजने लक्षात राहावीत म्हणून डच शाळांतून कॉफ्स्ख़िप हा शब्द शिकवितात. त्याचा मूळ अर्थ शिडाच्या मालवाहू गलबताचा एक प्रकार असा आहे. अघोष व घोष यांचा भेद वर्णमालेतच शिकलेल्या मराठी वाचकास या गलबताची फारशी गरज भासणार नाही. अनियमित क्रियापदांत प्रत्ययाऐवजी धातूतील स्वर बदलतो : कोमन – क्वाम (येणे – आला), ड्रिंकन – ड्रॉन्क (पिणे – प्याला). ही रूपे पाठच करावी लागतात.

पूर्ण काळ सहायक क्रियापद व भूतकालवाचक धातुसाधित यांनी बनतो. धातुसाधितास आरंभी बहुधा ख़े हा उपसर्ग लागतो. ‘झेइ हेफ्त ख़ेवेर्क्त’ म्हणजे तिने काम केले आहे. ‘झेइ इस ख़ेकोमन’ म्हणजे ती आली आहे. पहिल्या वाक्यात ‘असणे, जवळ बाळगणे’ या अर्थाचे हेबन हे सहायक आहे, तर दुसऱ्यात ‘असणे, होणे’ या अर्थाचे झेइन. विशिष्ट ठिकाणी जाण्यायेण्याची व स्थित्यंतराची अकर्मक क्रियापदे झेइन घेतात, इतर बहुतेक हेबन घेतात. मराठीत ‘तिने केले’ व ‘ती आली’ यांत कर्त्याच्या विभक्तीने दिसणारा भेद येथे सहायकाने दिसतो. हे साम्य आरंभी उपयोगी पडते. पण ते पूर्ण नाही. ‘ती झोपली आहे’ या अर्थी डच भाषेत हेबन येते. बोलताना घडून गेलेल्या गोष्टी सांगण्यासाठी साध्या भूतकाळापेक्षा हा पूर्ण काळच अधिक वापरला जातो.

वाक्यकंस व सुटे उपसर्ग : सहायक क्रियापद असता दुसऱ्या स्थानी तेवढे सहायकच येते व मुख्य क्रियापद वाक्याच्या शेवटी, म्हणजे मराठी क्रियापदाच्याच जागी राहते. ‘झेइ मूत एल्के दाख़ मेत दे त्रेइन नार दहिसर ख़ान’ – तिला रोज गाडीने दहिसरला जावे लागते. येथे ‘मूत’ (लागते) व ‘ख़ान’ (जाणे) या दोन क्रियापदांच्या मध्ये उरलेले सर्व वाक्य कंसात घातल्यासारखे अडकते. म्हणून या रचनेस वाक्यकंस असे म्हणता येईल. लांब वाक्यात मुख्य अर्थ कळण्यासाठी अखेरपर्यंत थांबावे लागते, ही गोष्ट इंग्रजी श्रोत्यास जाचक वाटते; मराठी श्रोता तशी वाट पाहण्यास सरावलेला असतो.

अनेक डच क्रियापदांना सुटा होणारा उपसर्ग असतो. ऑपबेलन (दूरध्वनी करणे) हे त्यांपैकी एक. ‘इक बेल हार मॉर्ख़न ऑप’ – मी तिला उद्या दूरध्वनी करतो. क्रियापदाचा रूप चालणारा भाग दुसऱ्या स्थानी गेला व ऑप हा उपसर्ग शेवटी राहिला. गौण वाक्यात मात्र ते दोन्ही पुन्हा एकत्र येतात : ‘ऑमदात इक हार मॉर्ख़न ऑपबेल’ (कारण मी तिला उद्या दूरध्वनी करतो). संस्कृतज्ञ वाचकास येथे वैदिक भाषेचे स्मरण होईल. वेदांत मुख्य वाक्यातील उपसर्ग सामान्यतः क्रियापदापासून सुटा व उदात्त असतो, तर गौण वाक्यात तो बहुधा क्रियापदाशी जोडला जातो व उदात्त स्वर क्रियापदावर येतो. या दोन भाषांतील रचना परस्परांपासून आलेल्या नाहीत. परंतु मुख्य व गौण वाक्यांचा भेद क्रियापदाच्या वागणुकीतून प्रकट करण्याची प्रवृत्ती दोहोंत दिसते, हे उद्‌बोधक आहे.

उभयान्वयी अव्यये : मराठी व्याकरणात उभयान्वयी अव्ययांचे प्रधानत्वसूचक व गौणत्वसूचक असे दोन वर्ग केले जातात. आणि, व, किंवा, पण ही पहिल्या वर्गातील. की, जर–तर, कारण, म्हणजे ही दुसऱ्या वर्गातील. पहिल्या वर्गाने संयुक्त, तर दुसऱ्याने मिश्र वाक्य तयार होते. मराठी बोलणाऱ्यास हा भेद ठाऊक नसला, तरी काही अडत नाही, कारण दोन्ही वर्गांच्या अव्ययांनंतर वाक्याचा क्रम तोच राहतो. ‘आणि ती आजारी आहे’, ‘की ती आजारी आहे’, ‘कारण ती आजारी आहे’ या तिन्हींत क्रियापद शेवटीच आहे. डच भाषेत मात्र हा भेद प्रत्येक वाक्यात कानांना ऐकू येतो. प्रधानत्वसूचक अव्ययानंतर मुख्य वाक्याचा क्रम कायम राहतो, तर गौणत्वसूचक अव्ययानंतर क्रियापद शेवटी जाते.

पहिल्या वर्गात मुख्यतः पाच अव्यये येतात : एन (आणि), मार (पण), ऑफ (किंवा), वान्त (कारण) व दुस (म्हणून). ही वाक्याच्या बाहेर उभी असल्याचे मानले जाते. पहिले स्थान त्यांनी भरत नाही. यांपैकी दुस या अव्ययानंतर कर्ता आधी व क्रियापद आधी असे दोन्ही क्रम प्रचारात आहेत. दुसऱ्या वर्गातील अव्यये पुष्कळ आहेत. त्यांपैकी दात (की), ऑमदात (कारण), आल्स (जर, जेव्हा), तून (भूतकाळी जेव्हा), झोदात (जेणेकरून), हूवेल (जरी), तेर्वेइल (असताना), फोर्दात (होण्यापूर्वी) व नादात (झाल्यानंतर) ही प्रमुख होत.

या भेदाचे सर्वांत स्पष्ट उदाहरण म्हणजे ‘कारण’ या एका मराठी शब्दासाठी असलेले दोन डच शब्द. ‘ती येत नाही, कारण ती आजारी आहे’ हे वाक्य दोन रीतींनी होते : ‘झेइ कॉम्त नीत, वान्त झेइ इस झीक’ व ‘झेइ कॉम्त नीत, ऑमदात झेइ झीक इस.’ वान्त प्रधानत्वसूचक असल्यामुळे त्यानंतर इस (आहे) दुसऱ्या स्थानी आहे. ऑमदात गौणत्वसूचक असल्यामुळे इस शेवटी आहे. दुसऱ्या वाक्याचा उत्तरार्ध ‘ती आजारी आहे’ याच्याशी शब्दशः जुळतो. ‘म्हणून’ या अर्थाचे दारॉम हे तर उभयान्वयी नसून क्रियाविशेषण आहे, ते पहिले स्थान व्यापते व क्रियापद त्याच्या लगेच मागे येते : ‘झेइ इस झीक, दारॉम कॉम्त झेइ नीत.’ अर्थाने एकमेकांजवळ असलेले हे शब्द क्रमाच्या तीन वेगवेगळ्या रीती मागतात. म्हणून डच अव्यय केवळ अर्थासह पाठ करून भागत नाही. त्याचा वर्गही त्याबरोबर लक्षात ठेवावा लागतो.

कित्येकदा शब्द एकच असतो व अर्थ केवळ क्रमावरून ठरतो. ‘तून क्वाम झेइ’ म्हणजे ‘तेव्हा ती आली’. ‘तून झेइ क्वाम’ म्हणजे ‘जेव्हा ती आली.’ मराठीत ज व त या आद्य वर्णांनी दाखविला जाणारा भेद येथे क्रियापदाच्या जागेने दाखविला आहे. शब्द अचूक ओळखूनही क्रमाकडे दुर्लक्ष केल्यास श्रोता पुढील वाक्याची वाट पाहत राहतो, अथवा अपुरे वाक्य पुरे समजतो. ऑफ या शब्दाचीही हीच स्थिती आहे. एरवी त्याचा अर्थ ‘किंवा’. परंतु ‘इक वेत नीत, ऑफ झेइ कॉम्त’ (ती येते की नाही, हे मला ठाऊक नाही) या वाक्यात तो गौणत्वसूचक आहे.

गौण वाक्याचा क्रम : गौण वाक्यात डच व मराठी क्रमांचे साम्य पूर्णत्वास पोहोचते. ‘इक वेत, दात झेइ एल्के दाख़ मेत दे त्रेइन नार दहिसर ख़ात’ – मला ठाऊक आहे, की ती रोज गाडीने दहिसरला जाते. दात या अव्ययापासून पुढे दोन्ही भाषांतील पदे एकास एक जुळतात. संबंधी वाक्यातही तसेच घडते : ‘दे त्रेइन, दी नार दहिसर ख़ात’ म्हणजे ‘ती गाडी, जी दहिसरला जाते.’

गौण वाक्य आधी आल्यास ते सबंध वाक्यच मुख्य वाक्याचे पहिले स्थान व्यापते. त्यामुळे स्वल्पविरामानंतर लगेच मुख्य क्रियापद येते. ‘आल्स झेइ झीक इस, कॉम्त झेइ नीत’ – ती आजारी असली, तर येत नाही. इस व कॉम्त ही दोन क्रियापदे येथे शेजारी शेजारी आली आहेत. त्यांच्यामध्ये दान (तर) हा शब्दही घालता येतो व मग आल्स–दान ही जोडी मराठीतील जर–तर या जोडीप्रमाणेच चालते. आल्स गाळून क्रियापद आरंभी आणले, तरीही संकेतार्थ निघतो : ‘इस झेइ झीक, दान कॉम्त झेइ नीत.’

गौण वाक्याच्या शेवटी दोन क्रियापदे असल्यास साम्यास थोडा बाध येतो. ‘काम केले आहे’ या अर्थी ‘ख़ेवेर्क्त हेफ्त’ व ‘हेफ्त ख़ेवेर्क्त’ असे दोन्ही क्रम शुद्ध आहेत. बोलींच्या नकाशातील रंगांवरून पहिल्यास हिरवा व दुसऱ्यास तांबडा क्रम म्हणतात. हिरवा क्रम मराठीशी जुळतो. ‘मूत ख़ान’ यासारख्या रचनेत मात्र सहायक आधी येण्याची रीत अधिक रूढ आहे. मराठीत ‘जावे लागते’ असा उलट क्रम असतो.

उपपत्ती : डच वाक्याचा मूलभूत क्रम कोणता, हा प्रश्न आधुनिक भाषाविज्ञानात चर्चिला गेला आहे. मुख्य वाक्ये पाहिल्यास कर्ता–क्रियापद–कर्म हा क्रम मूळचा वाटतो. यान कोस्टर या डच भाषाशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये याविरुद्ध मत मांडले. सुटे उपसर्ग, वाक्यकंस व गौण वाक्ये यांच्या आधारे त्याने डच ही मूलतः कर्ता–कर्म–क्रियापद अशा क्रमाची भाषा असल्याचे प्रतिपादन केले. या मताप्रमाणे मुख्य वाक्यातील क्रियापद मूळच्या अन्त्य स्थानावरून उचलून दुसऱ्या स्थानी आणलेले असते. गौण वाक्यात ती जागा उभयान्वयी अव्ययाने अडविल्यामुळे क्रियापद जागचे हलत नाही. ही उपपत्ती पुष्कळ मान्यता पावली असली, तरी तीविषयी मतभेदही आहेत. तिची सत्यासत्यता काहीही असो, मराठी भाषकास ती अध्ययनाची सरळ पद्धत पुरविते : वाक्य प्रथम मराठी क्रमाने मनात मांडावे, ते मुख्य असल्यास रूप चालणारे क्रियापद तेवढे उचलून दुसऱ्या स्थानी ठेवावे, गौण असल्यास ते आहे तेथेच राहू द्यावे.

पदक्रम हा या भाषेचा किती टिकाऊ भाग आहे, याचे प्रत्यंतर आफ्रिकान्समध्ये मिळते. दक्षिण आफ्रिकेत डच भाषेपासून निपजलेल्या या भाषेत क्रियापदाचे पुरुषवाचक प्रत्यय गळून गेले आहेत. ‘मी काम करतो’ व ‘तो काम करतो’ यांत क्रियापदाचे रूप एकच असते. क्रियापदाचे दुसरे स्थान व गौण वाक्यातील अन्त्य स्थान मात्र तेथे टिकून आहे.

अध्ययनाचे सामाजिक महत्त्व : भारतीय भाषा व डच यांचा दीर्घ सहवास सुरिनाममध्ये घडला. १८७३ पासून उत्तर भारतातून सु. ३४ हजार करारबद्ध मजूर तेथे नेण्यात आले. त्यांच्या भोजपुरी, अवधी इ. बोलींतून सरनामी ही क्रियापद शेवटी ठेवणारी भाषा तयार झाली. १९७५ मध्ये सुरिनाम स्वतंत्र होण्याच्या सुमारास त्यांच्या वंशजांपैकी अनेक कुटुंबे नेदर्लंड्समध्ये स्थायिक झाली.

अलीकडील काळात महाराष्ट्रातून नेदर्लंड्सला जाणारी कुटुंबे मुख्यत्वे उच्चकुशल नोकरीच्या निमित्ताने जातात. अशा कर्मचाऱ्यांवर व त्यांच्या कुटुंबीयांवर भाषापरीक्षेची सक्ती आरंभी नसते. त्यामुळे कार्यालयात इंग्रजीवर काम भागते. परंतु घरी राहणाऱ्या जोडीदारास शेजारी, दुकान, मुलांची शाळा व दवाखाना येथे डच भाषेचीच गाठ पडते आणि पुढे स्थायी वास्तव्य किंवा नागरिकत्व हवे झाल्यास सामान्यतः परीक्षाही द्यावी लागते. विवाहामुळे तेथे जाणाऱ्या परदेशी व्यक्तीस प्रवासापूर्वीच प्राथमिक भाषाज्ञानाची परीक्षा देण्याचे बंधन २००६ पासून सामान्यतः लागू आहे. १ जानेवारी २०२२ पासून अमलात आलेल्या समावेशन कायद्याने, ज्यांना तो लागू आहे अशांसाठी अपेक्षित भाषाज्ञानाची मुख्य पातळी यूरोपीय मापनानुसार ए-२ वरून बी-१ वर नेली. या वरच्या पातळीवर सुटी वाक्ये बोलणे पुरेसे नसते. कारण, अट, हेतू व काळ यांनी वाक्ये जोडून आपले म्हणणे मांडता यावे लागते. म्हणजेच उभयान्वयी अव्यये व त्यांनी ठरविलेला पदक्रम यांवरच प्रभुत्व हवे असते.

महाराष्ट्रात डचपेक्षा जर्मन भाषेच्या अध्ययनाची परंपरा अधिक रुजलेली आहे. पुणे व मुंबई येथील मॅक्स म्यूलर भवनांनी अनेक मराठी विद्यार्थ्यांना जर्मन शिकविले आहे. क्रियापदाचे दुसरे स्थान, वाक्यकंस व गौण वाक्यातील अन्त्य क्रियापद हे विशेष जर्मन भाषेतही असल्यामुळे ती शिकलेल्यास डच वाक्य परके वाटत नाही. ज्यास जर्मनही येत नाही, त्याचीही शिदोरी रिकामी नसते. शालेय व्याकरणातील संयुक्त व मिश्र वाक्यांचे पाठ परीक्षेपुरते घोकून अनेकजण विसरून जातात. डच शिकू लागल्यावर त्याच पाठांचा प्रत्यक्ष उपयोग होतो. मातृभाषेचे व्याकरण जाणणे हे परभाषेच्या आकलनाचे साधन ठरते, याचे डच वाक्यरचना हे एक चांगले उदाहरण होय.